मास्टर पिनेवरचं कुंकू

मी आयुष्यभर कारखान्यात नोकरी केली, पण माझ्या हातून एकही वस्तू तयार झाली नाही. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू बघायच्या, मोजायच्या आणि त्यांना हो किंवा नाही म्हणायचं, हे माझं काम. घरचे म्हणायचे, ही सासू व्हायची ती क्वालिटीत गेली. सासू होण्याचा योग काही आला नाही, त्यामुळे ती सगळी हौस तळोज्याच्या त्या कारखान्यातच फिटली.

आता पनवेलच्या घरात दुपारी पंख्याखाली पडलं की डोळ्यांसमोर तीच एक खोली येते. तिला आम्ही स्टँडर्ड रूम म्हणायचो. दोन दारं. पहिलं आपल्यामागे लागलं की मगच दुसरं उघडायचं. बाहेर ग्राइंडिंग मशीनचा कल्ला, तेलाचा वास, पत्र्याखालचा उकाडा आणि आत एकदम शांत. बारा महिने वीस अंशांचा गारवा, पांढरा उजेड, काचेच्या कपाटांत मखमलीवर ठेवलेली मापं. त्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे. तसा नियम नव्हता, आवाज आपोआप खाली यायचा. माझी अर्धी झोप अजून तिथेच होते असं मला वाटतं.

मी डिप्लोमा करून लागले तेव्हा मला इन्स्पेक्शनला टाकलं, कारण काय, तर ‘बायकांची नजर बारीक असते’. तांदळातले खडे आणि लोखंडातली खोट यांत त्यांना फरक दिसला नसावा. मी रागावले होते. पण पुढे कळलं की कारखान्यात सगळ्यांना घाई असते आणि एकाच माणसाला थांबायची परवानगी असते. ती जागा मला मिळाली होती. मग मी ती सोडलीच नाही. इन्स्पेक्टरची इंजिनिअर झाले, इंजिनिअरची मॅनेजर झाले, पण केबिन मिळाली तरी त्या खोलीतच बसायचे.

आम्ही पिना बनवायचो. मोटरसायकलच्या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या असतो, त्याला खालच्या दांड्याशी जोडणारी बोटाएवढी पोलादी पिन. आरशासारखी चकचकीत. ती जरा जाड झाली तर भोकात जात नाही, जरा बारीक झाली तर इंजिन खडखडतं. जरा म्हणजे किती? डोक्यावरचा एक केस घ्या, त्याचे उभे दहा भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी आम्हाला मुभा. एवढ्याशा जागेत आम्ही जन्म काढला.

आणि लोखंड हे फसवं असतं. मशीनवरून उतरलेली पिन गरम असते, गरम असते म्हणून फुगलेली असते. तिला तेव्हा मोजलं तर ती खोटं बोलते. तिला आधी स्टँडर्ड रूममध्ये आणून ठेवायचं, निवू द्यायचं. आम्ही त्याला ‘झोपवणं’ म्हणायचो. ‘माल झोपलाय, मॅडम, उठला की मोजतो.’ नवीन माणसाला हे ऐकून आम्ही वेडे वाटायचो.

एकदा एक गिऱ्हाईक भर मे महिन्यात भांडायला आलं. त्यांनी ट्रकमधून उतरवलेल्या पिना अंगणातच मोजल्या होत्या आणि त्या जाड भरल्या होत्या. म्हटलं, या, पिनाही आणा, तुम्हीही बसा. त्यांना खोलीत खुर्ची दिली, पिना शेजारी मखमलीवर मांडल्या. गृहस्थ जरा वेळ घड्याळाकडे बघत बसले आणि मग त्या गारव्यात मान टाकून चक्क घोरू लागले. आम्ही कुणी उठवलं नाही. त्यांना जाग आली तोवर पिनाही निवाल्या होत्या आणि तेही. सगळ्या पिना मापात भरल्या. जाताना ते एवढंच म्हणाले, “खोली छान आहे हो तुमची.”

खोली माझी नव्हती, मुश्ताकभाईंची होती. मी फक्त त्यांची साहेब होते. मुश्ताकभाई पनवेलचेच, त्यांच्या वडिलांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुकानातलं मौन त्यांनी बरोबर आणलं होतं. मापाला हात लावण्याआधी ते पांढरे हातमोजे असे चढवायचे की बघणाऱ्याने पायातल्या चपला काढाव्यात. कारखान्यातलं प्रत्येक माप त्यांच्या ताब्यात. त्यांनी साफ करून, तपासून दिल्याशिवाय एकही माप शॉपमध्ये, म्हणजे जिथे मशीनं चालतात तिथे, जात नसे.

आणि आमचे मालक, आप्पा. एका जुन्या लेथवर सुरुवात करून हा कारखाना उभा केलेला माणूस. आप्पांचा यंत्रांवर जीव होता. खंडेनवमीला ते धोतर नेसून येत आणि प्रत्येक मशीनला स्वतः कुंकू लावत. क्षत्रिय तलवारी पुजतात, शेतकरी अवजारं पुजतात, आमच्याकडे लेथ, ग्राइंडर, हातोडे आणि मापं. झेंडूची माळ, पेढा, नारळ. ज्याला कुंकू लागलं त्याला दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आप्पांचं कुंकू ओलं आणि सढळ असायचं. लावताना त्यांचे डोळे मिटलेले असत आणि ओठ हलत असत.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय त्या वर्षी स्टँडर्ड रूममधल्या मास्टर पिनेलाही त्यांनी कुंकू लावलं. मास्टर पिन म्हणजे पिनांची आई. तिचं माप अचूक असतं. ती डायलखाली आडवी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, मग तिला उचलून बाकीच्या पिना एकेक करून तिच्या जागी ठेवायच्या. काटा शून्याजवळ राहिला तर पिन पास. थोडक्यात, ती जे म्हणेल ते खरं.

दसऱ्याची सुट्टी झाली, कारखाना सुरू झाला. आणि थोड्याच दिवसांत चाकणकडच्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तुमच्या पिना भोकात जात नाहीत. आमची लाइन बंद पडली आहे.

बाहेरच्या माणसाला ‘लाइन बंद पडली’ या शब्दांतली दहशत कळायची नाही. ज्यांच्यामुळे ती बंद पडते त्यांना पुन्हा कामं मिळत नाहीत. त्यांचा साहेब दुसऱ्याच दिवशी पिशवीभर पिना घेऊन आला. चहाला हात लावला नाही. म्हणाला, “कारण लेखी हवंय. खरं कारण. पुन्हा होणार नाही यासाठी काय करणार तेही हवंय. नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो.”

पिना झोपवल्या, मोजल्या. खरंच जाड होत्या. सगळ्या एकाच लॉटच्या, दसऱ्यानंतरच्या पहिल्याच दिवशी दुपारच्या शिफ्टला झालेल्या आणि संध्याकाळच्या गाडीने गेलेल्या. त्याच्या आधीचा माल चोख, नंतरचाही चोख. मशीन ठीक, डायल ठीक. एका दुपारपुरती भुताटकी.

आप्पांनी निकाल लावून टाकला. “मापं साफ करून देणं कुणाचं काम? मुश्ताकचं. त्याला खोलीतून काढा, पॅकिंगला टाका. आणि तसं लिहून द्या त्यांना, की हलगर्जी करणाऱ्यावर कारवाई केली.” आप्पा वाईट नव्हते, घाबरलेले होते. पण मुश्ताकभाईंना त्या खोलीतून काढून खोक्यांना पट्ट्या मारायला बसवणं म्हणजे काय, हे मला दिसत होतं. ते तक्रार करणार नव्हते. फक्त हातमोजे काढून ठेवणार होते.

मी आप्पांकडे दोन दिवस मागून घेतले आणि दुपारच्या शिफ्टचा इन्स्पेक्टर जनार्दन याला गाठलं. ओवे गावचा, तोंडाने फटकळ, मनाने स्वच्छ.

“जनार्दन, त्या दुपारी काय वेगळं झालं?”

“काय नाय, मॅडम. मी झिरो लावला, पिना बारीक दिसाया लागल्या. मशीनवाल्याला बोललो, चाक मागं घे, कमी घास. त्याने घेतला. मग बरोबर आल्या.”

“मास्टर पिन नीट पुसली होती?”

तो घुटमळला. “पुसली... म्हंजे कुंकू सोडून. देवाचा टिला हाय, तो मी कशाला पुसू? पाप लागंल ना.”

मी स्टँडर्ड रूममध्ये गेले. मास्टर पिन मखमलीवर होती, लखलखीत. मी भिंग घेतलं. पिनेवर तिचा नंबर कोरलेला असतो. त्या बारीक अक्षरांच्या खोबणीत लाल रंग बसलेला होता. बाकी सगळं कुंकू त्या एका दिवसातच हाताळून हाताळून झडून गेलं असणार, एवढं उरलं होतं.

मुश्ताकभाई शेजारी उभे होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “मला दिसलं होतं, मॅडम. त्या दिवशी सकाळीच.”

“मग?”

“पुसायला रुमाल घेतला होता. पण हात धजला नाही. आप्पांनी इतक्या अकीदतीने, श्रद्धेने लावलेलं, आणि मी, मुश्ताक, ते पुसून टाकू? म्हणून मी पिनेला कुशीवर घेतलं. टिळा बाजूला येईल असं ठेवलं, ना वर काट्याला लागेल, ना खाली पाटाला. सकाळचा झिरो मी स्वतः लावून दिला. सगळी सकाळ माल चोख होता.”

दुपारी जनार्दनने पिन ठेवली ती सहज, टिळा खाली. कुंकवाच्या सुकलेल्या थरावर पिनांची आई जरा उंच उभी राहिली, आणि मुलींनी तिच्याएवढं व्हायचं म्हणून सगळ्याच जाड झाल्या.

“जनार्दनला सांगायचं ना!”

“काय सांगू? तुमच्या देवाचं कुंकू मधे येतंय, असं?” ते हळू आवाजात म्हणाले. “मॅडम, एक मेहरबानी करा. हे लिहू नका. उद्या शॉपमध्ये होईल की मुश्ताकने पूजेवर ढकललं. त्यापेक्षा माझी चूक लिहा. मी पॅकिंगला जातो. तिथेही माणसंच आहेत.”

मला तेव्हा त्यांचा राग आला आणि रडूही आलं, आणि कुठलं आधी आलं ते आठवत नाही. अख्ख्या जन्मात ज्यांच्या हातून केसाच्या दहाव्या भागाची चूक झाली नाही, त्यांनी अदब म्हणून ही एक होऊ दिली होती. आणि मी चोवीस तास खोटं मोजून काढण्याचा पगार घेणारी बाई, मला ते खोटं लिहून द्यायला सांगत होते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. काही बिघडलं की ‘का’ विचारायचं. उत्तर मिळालं की त्या उत्तराला पुन्हा ‘का’ विचारायचं. लहान मुलं आईला भंडावून सोडतात तसं, कारण तळाला जाईपर्यंत. मोठ्या माणसांना ते आवडत नाही, कारण ‘का’ खाली जात जात बऱ्याचदा वरच्या मजल्यावर पोचतो. मी आप्पांच्या केबिनमध्ये जाऊन तेच केलं.

“पिना भोकात का गेल्या नाहीत, आप्पा? जाड होत्या म्हणून. जाड का झाल्या? झिरो चुकीचा लागला म्हणून. तो का चुकला? मास्टर पिनेखाली कुंकू होतं म्हणून.”

आप्पांचा चेहरा बदलला. “पुसलं का नाही त्यांनी?”

“तोच पुढचा ‘का’ आहे. जनार्दनने पुसलं नाही, कारण ते देवाचं. मुश्ताकभाईंनी पुसलं नाही, कारण ते तुमचं.”

“म्हणजे माझ्या कुंकवाने लाइन बंद पाडली, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“कुंकवाने नाही. आपण सगळ्यांनी ते जपलं म्हणून.”

ते उठून खिडकीपाशी गेले. खाली ग्राइंडरचा आवाज चालू होता. त्या क्षणी माझीही नोकरी गेली असं मी मनात धरून टाकलं होतं आणि गंमत म्हणजे मला हलकं वाटत होतं. स्वप्नात आपण कड्यावरून पडतो आणि लागत नाही, तसं. मग आप्पा म्हणाले, “मुश्ताकला बोलवा.”

मुश्ताकभाई दारातच उभे राहिले. आप्पांनी विचारलं, “तुम्हाला कळत होतं ना, त्याने माप बिघडेल? मग पुसलं का नाही?”

मुश्ताकभाई खाली बघत म्हणाले, “आप्पा, लावताना तुमचे डोळे मिटलेले होते. मी समोरच उभा होतो. नंतर रुमाल उचलला की तेच दिसायचं.”

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे वळून खेकसले, “बघता काय, ताई? लिहा. कारण, मालकाने मास्टर पिनेला कुंकू लावलं. उपाय, यापुढे लावणार नाही. खाली माझी सही. आणि हा माणूस खोलीतच राहील.”

तो कागद आम्ही चाकणला पाठवला. त्यांच्या साहेबाचा फोन आला. “मॅडम, हे खरं आहे?” म्हटलं, खरं कारण मागितलं होतंत. तो म्हणाला, “नाही, म्हणजे... खंडेनवमीला आमच्याकडेही लावतात. बघून येतो.” काम टिकलं.

पण पुढल्या वर्षी खंडेनवमी जवळ आली तसे आप्पा उदास दिसू लागले. पूजेला मशीनं होती, ग्राइंडर होते, पण मापांच्या खोलीपाशी आले की दारातच थबकत आणि मागे फिरत. दिलेला शब्द त्यांना टोचत होता. तेव्हा मार्ग काढला मुश्ताकभाईंनीच. मापंही झिजतात. वर्षानुवर्षं घासून घासून ती मापातून जातात, मग त्यांच्यावर लाल रंगाचा पट्टा मारून ती बाद करायची आणि कपाटात बंद ठेवायची. ती सगळी त्यांनी बाहेर काढली, तेल लावून चमकवली आणि खोलीबाहेरच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडली.

आप्पा म्हणाले, “अरे, बाद झालेल्यांची पूजा?”

“आप्पा, आम्ही सलाम बुजुर्गांनाच करतो. कामावरच्या माणसाला फुरसत कुठे असते?”

तेव्हापासून तीच पद्धत पडली. कामातून गेलेल्या मापांना वर्षातून एकदा झेंडू आणि कुंकू. जनार्दन पेढे वाटतो आणि सगळ्यांना बजावतो, “टेबलावरचा टिला चालंल, आतला नाय चालनार.”

आता कारखान्यात कॅमेऱ्याने मोजतात. पिन पट्ट्यावरून धावते, वर लाल किंवा हिरवा दिवा लागतो. कुणी मालाला झोपवत नाही, यंत्रच गरमीचा हिशोब करून तेवढं वजा करतं. चांगलं आहे, चुका कमी होतात. मला तरी त्यात एक उणीव वाटते आणि ती मोजून दाखवता येत नाही, म्हणून मी मीटिंगमध्ये कधी बोलले नाही. धावणाऱ्या वस्तूकडे माणूस बघत नाही. ती निजलेली असली की तिच्याशेजारी बसावं लागतं. मी निवृत्त झाले तेव्हा खोलीची किल्ली मुश्ताकभाईंना दिली. ती त्यांचीच होती म्हणा.

यंदा खंडेनवमीला त्यांचा फोन आला, या म्हणून. गेले. कळंबोली सोडून तळोज्याकडे वळलं की त्या रस्त्याला एक वास आहे, रसायनाचा आणि गरम लोखंडाचा. लोक नाक दाबतात, मला माहेरी आल्यासारखं वाटतं. आप्पा आता काठी टेकत येतात, कारभार मुलगा बघतो, पण ताम्हण अजून त्यांच्याच हातात. टेबलावर जुनी मापं ओळीने मांडलेली होती. त्यांतली कितीतरी माझ्याच सहीने बाद झालेली. मला बसायला टेबलाच्या टोकाला खुर्ची दिली होती, अगदी त्यांच्या ओळीत.

आप्पा एकेका मापाला कुंकू लावत पुढे आले आणि टेबल संपलं तिथे मी होते. त्यांचं बोट हवेत थांबलं. नजर धूसर झालेली, कुणाला लावतोय याचा त्यांना उलगडा होईना. त्यांनी मान वळवून मुश्ताकभाईंना विचारलं, “इथे लावू ना?”

मुश्ताकभाईंनी माझ्याकडे नीट, डायल बघावा तसं, बघितलं आणि म्हणाले, “लावा, आप्पा. मॅडम आता वापरात नाहीत.”

अख्खं शॉप हसलं. मीही हसले. आप्पांचे डोळे मिटले, ओठ हलू लागले. ओलं कुंकू कपाळावरून नाकावर ओघळलं आणि जनार्दनने पटकन रुमाल पुढे केला.

मी तो घेतला नाही. रिक्षा, बस, बाजार, लोक वळून बघत होते. पनवेलच्या माझ्या घरापर्यंत मी तशीच आले.